चौकशी ज्याची, किल्ल्याही त्याच्याच कनवटीला

ठाण्यात कोर्टनाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात लाचेचा खटला उभा राहतो, तेव्हा त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. तक्रारदार असतो, दोन पंच असतात, फिनॉल्फ्थेलिनची पूड लावलेल्या नोटा असतात आणि आरोपीची बोटे बुडवल्यावर सोडियम कार्बोनेटचे द्रावण गुलाबी झाल्याची नोंद पंचनाम्यात असते. आरोपी समजा एक तलाठी आहे. बचावाचा मुरलेला वकील नोटा आणि द्रावण यांवर थोडा वेळ घालवतो आणि मग मुख्य कामाला हात घालतो, ते म्हणजे खटल्याला मंजुरी देणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याची उलटतपासणी. तुम्ही कागदपत्रे स्वतः वाचलीत का, की तपास यंत्रणेने धाडलेल्या मसुद्याखाली नुसती सही केलीत? साक्षीदारांचे जबाब तुमच्यासमोर होते का? मंजुरी देण्यास तुम्ही सक्षम होतात का? या उत्तरांत गडबड झाली, तर गुलाबी द्रावणाची बाटली न्यायालयात हजर असूनही खटला अडचणीत येऊ शकतो.

ही मंजुरी लाचलुचपत प्रतिबंधक कायदा, 1988 च्या कलम 19 मधून येते. लोकसेवकाला पदावरून दूर करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने अशा खटल्याची दखल घेऊ नये, असे हे कलम सांगते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींचा जाच होऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. तलाठ्याच्या बाबतीत ही रचना चालते, कारण त्याच्या वर महसूल खात्याची उतरंड असते, तपास करणारा पोलीस त्याच्या हाताखालचा नसतो आणि सरकारी वकिलाची नेमणूक किंवा बदली त्याच्या सहीने होत नाही. आता तलाठ्याच्या जागी राज्याचा मुख्यमंत्री ठेवून पाहावे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्याच्या अखत्यारीत येतो आणि गृहखाते पुष्कळदा मुख्यमंत्र्यांकडेच असते. विशेष सरकारी वकील राज्य सरकार नेमते. तपास अधिकाऱ्याची बदली सरकार करते. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील करतो. तलाठ्याच्या खटल्यात चार वेगवेगळ्या माणसांकडे असलेले अधिकार इथे फिरून फिरून एकाच दालनात पोहोचतात.

ठाणेकरांना मुख्यमंत्रिपद दुरून पाहण्याची गोष्ट राहिलेली नाही. जून 2022 ते डिसेंबर 2024 या काळात ते पद याच शहराच्या आमदाराकडे होते. म्हणून आधीच सांगितलेले बरे, की या लेखाचा रोख कोणत्याही एका नेत्यावर किंवा पक्षावर नाही. प्रश्न पदाचा आहे, आणि तो जगातल्या बहुतेक लोकशाह्यांना पडलेला आहे: सरकारचा प्रमुख पदावर असतानाच त्याच्यावर गंभीर आरोप झाले, तर तपास करणारा माणूस कोणी नेमायचा आणि कोणाच्या भरवशावर त्याने काम करायचे?

या विषयावरची चर्चा बहुधा माणसाभोवती फिरते. अमुक निवृत्त न्यायमूर्ती सचोटीचे आहेत, तमुक वकील कोणाला जुमानत नाहीत, म्हणून त्यांना नेमा, असे म्हटले जाते. सचोटी हवीच, पण सचोटीच्या माणसाचाही तपास चार ठिकाणी अडवता येतो. तपास सुरू करायचा की नाही हे कोणी ठरवायचे, तपास करणाऱ्याला मनुष्यबळ, पैसा आणि मुदत कोणी द्यायची, त्याला काढून कोण टाकू शकतो, आणि तपास संपल्यावर निष्कर्ष लोकांसमोर येईल की कपाटात जाईल हे कोणाच्या मर्जीवर आहे, या त्या चार किल्ल्या. व्यवस्था सुधारायची म्हणजे या किल्ल्या ज्याची चौकशी आहे त्याच्या कनवटीवरून काढायच्या. त्या काढून कोणालाही जबाबदार नसलेल्या एका माणसाच्या हाती सोपवल्या, तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे.

अमेरिकेचा हेलकावा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख अशा दोन्ही भूमिका निभावतो आणि केंद्रीय न्यायखाते त्याच्याच सरकारचा भाग असते. विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि ती दडपण्याचे प्रयत्न यांच्या, म्हणजे वॉटरगेट प्रकरणाच्या तपासासाठी मे 1973 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल (न्यायखात्याचे प्रमुख) इलियट रिचर्डसन यांनी आर्चिबाल्ड कॉक्स यांना विशेष अभियोक्ता नेमले. कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयातील ध्वनिफिती मागितल्या. 20 ऑक्टोबर 1973 या शनिवारी निक्सन यांनी कॉक्स यांना काढण्याचा आदेश दिला. रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला, त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाऊस यांनीही नकार देऊन पद सोडले आणि अखेर तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्स यांना दूर केले. कॉक्स यांना केवळ असाधारण गैरवर्तनासाठीच काढता येईल असा नियम होता, पण तो न्यायखात्याने स्वतःच केलेला होता. हे काढून टाकणे बेकायदा होते असे एका न्यायालयाने नंतर म्हटले. तोवर कॉक्स घरी गेले होते. जनक्षोभ इतका मोठा होता की निक्सन यांना लिऑन जॅवॉर्स्की यांची नेमणूक होऊ द्यावी लागली. जुलै 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी ध्वनिफिती देण्याचा आदेश दिला आणि 9 ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. शेवट गोड झाला म्हणून व्यवस्था चांगली होती असे कोणी समजू नये. तो शेवट ध्वनिफितींमुळे आणि लोकांच्या संतापामुळे झाला.

यातून 1978 चा कायदा आला. त्यानुसार अ‍ॅटर्नी जनरलने प्राथमिक छाननी करून मागणी करायची, तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठाने स्वतंत्र अभियोक्ता नेमून त्याचे कार्यक्षेत्र ठरवायचे, आणि त्याला सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही, अशी रचना होती. नेमणुकीची आणि काढण्याची किल्ली राष्ट्राध्यक्षाच्या हातून गेली. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 1 मतांनी हा कायदा वैध ठरवला. विरोधात गेलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचा मुद्दा आजही वाचण्याजोगा आहे. साध्या सरकारी वकिलासमोर शेकडो प्रकरणे असतात आणि कोणत्यासाठी किती वेळ व पैसा खर्चायचा हे त्याला तोलून ठरवावे लागते. एकाच माणसाच्या मागे लावलेल्या अभियोक्त्याला असे काही तोलावेच लागत नाही, आणि म्हणून गुन्ह्यासाठी माणूस शोधण्याऐवजी माणसासाठी गुन्हा शोधला जाण्याचा धोका निर्माण होतो.

दहा वर्षांत हे भाकीत प्रत्यक्षात आले, असे म्हणणारे अनेक होते. स्वतंत्र अभियोक्ता केनेथ स्टार यांच्याकडे ऑगस्ट 1994 मध्ये जे काम आले, ते राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आर्कान्सामधील एका जुन्या जमीन-गुंतवणुकीसंबंधीचे होते. कार्यक्षेत्र वाढत वाढत जानेवारी 1998 मध्ये ते क्लिंटन यांच्या मोनिका लुइन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणापर्यंत गेले. सप्टेंबर 1998 मधील अहवालानंतर डिसेंबरमध्ये क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर झाला आणि फेब्रुवारी 1999 मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. त्यानंतर या कायद्याचे नूतनीकरण करू नये असे सिनेटच्या समितीपुढे सांगणाऱ्यांत स्वतः स्टारही होते. 30 जून 1999 रोजी कायद्याची मुदत संपली आणि दोन्ही पक्षांपैकी कोणालाही तो पुन्हा आणावासा वाटला नाही. हत्यार दोन्ही दिशांनी चालते, हे दोघांनाही एव्हाना कळून चुकले होते.

आजची अमेरिकी व्यवस्था 1999 च्या नियमावलीवर चालते. अ‍ॅटर्नी जनरल सरकारबाहेरचा वकील विशेष अभियोक्ता म्हणून नेमतो, त्याला गैरवर्तन, कर्तव्यच्युती, हितसंबंध अशा कारणांनी काढू शकतो, आणि अभियोक्त्याचा अखेरचा अहवाल गोपनीय स्वरूपात त्याच्याकडेच येतो. तीन किल्ल्यांची चर्चा खूप होते, चौथीची कमी. 2016 च्या निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या बाबतीत नेमकी ती चौथीच निर्णायक ठरली. त्यांचा 448 पानांचा अहवाल 22 मार्च 2019 रोजी अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांच्याकडे गेला. दोन दिवसांनी बार यांनी चार पानांचे पत्र काढून त्याचे मुख्य निष्कर्ष आपल्या शब्दांत सांगितले. अहवालाचा आशय आणि संदर्भ या पत्रात पूर्णपणे उतरलेले नाहीत, अशी तक्रार म्युलर यांनी लेखी केली. प्रत्यक्ष अहवाल, काही मजकूर काळा करून, 18 एप्रिलला बाहेर आला. मधल्या साडेतीन आठवड्यांत देशाचे मत बनून गेले होते.

शिवाय पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी आरोप ठेवता येत नाहीत, हे न्यायखात्याचे 1973 आणि 2000 मधील मत आजही पाळले जाते. त्यामुळे तिथल्या विशेष अभियोक्त्याच्या तपासाचे टोक न्यायालयात नसून संसदेत आहे. दक्षिण कोरियात हे संरक्षण राज्यघटनेतच लिहिलेले आहे: कलम 84 प्रमाणे बंड आणि देशद्रोह हे गुन्हे सोडून पदावरच्या अध्यक्षावर खटला भरता येत नाही. तिथे मोठ्या प्रकरणासाठी संसद स्वतंत्र कायदा करून विशेष अभियोक्ता आणते. 2016 मध्ये अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या प्रकरणात विरोधी पक्षांनी सुचवलेल्या नावांतूनच अध्यक्षांनी एक निवडायचे, अशी अट कायद्यात होती. पण तपासाला मुदत होती 70 दिवसांची, आणि ती 30 दिवसांनी वाढवायची तर मंजुरी लागत होती अध्यक्षांची. संसदेने महाभियोग मंजूर केल्यामुळे पार्क यांचे अधिकार तोवर स्थगित झाले होते, म्हणून निर्णय काळजीवाहू अध्यक्ष ह्वांग क्यो-आन यांच्याकडे गेला. ते पार्क यांनीच नेमलेले पंतप्रधान होते. 27 फेब्रुवारी 2017 रोजी त्यांनी मुदतवाढ नाकारली आणि दुसऱ्या दिवशी तपास बंद झाला. नेमणुकीची किल्ली काळजीपूर्वक दूर ठेवणाऱ्या कायद्याने मुदतीची किल्ली खुंटीवर तशीच लटकत ठेवली होती.

आपल्याकडची रचना आणि तिचा इतिहास

भारतात दोन बाबतींत चित्र वेगळे आहे. पहिली गोष्ट अशी, की राज्यघटनेचे कलम 361 फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते ते राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांना असे कोणतेही कवच नाही. कायद्याच्या भाषेत ते तलाठ्यासारखेच लोकसेवक आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या वर्तमानपत्रांत ज्यांची नावे ठळक येतात ते विशेष सरकारी वकील तपास करीत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 नुसार किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला केंद्र किंवा राज्य सरकार एखाद्या खटल्यासाठी असा वकील म्हणून नेमते, आणि तोवर दोषारोपपत्र बहुधा तयार झालेले असते. कोणाचा जबाब घ्यायचा, कोणते कागद जप्त करायचे, कोणाला आरोपी करायचे, हे त्याच्या आधी पोलिसांनी ठरवलेले असते. अमेरिकेतील विशेष अभियोक्ता तपासही करतो आणि खटलाही चालवतो. आपल्याकडे ही कामे दोन यंत्रणांत विभागलेली आहेत आणि दोन्ही यंत्रणा सरकारच्याच आहेत. त्यामुळे आपल्याला सुधारणा करायची तर ती दोन्हीकडे करावी लागते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्यावर सिमेंट वाटपाच्या मोबदल्यात विश्वस्त संस्थांसाठी देणग्या घेतल्याचा आरोप झाला. खटला सरकारी यंत्रणेने उभा केला नव्हता. भाजपचे रामदास नायक यांनी खासगी तक्रार दाखल केली होती, आणि मंजुरी नसल्याने 1981 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तिची दखल घेण्याचे नाकारले. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयाच्या प्रतिकूल निकालानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे एक मूलभूत प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मुख्यमंत्र्यावरील खटल्याला मंजुरी राज्यपाल देणार, पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मग मुख्यमंत्र्याच्याच मंत्रिमंडळाने मुख्यमंत्र्यावर खटला भरावा की नाही हे सांगायचे का? अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा, ही भूमिका 1982 मध्ये मान्य झाली. 1984 मध्ये घटनापीठाने असेही ठरवले की ज्या पदाचा दुरुपयोग झाला ते पद सुटले असेल तर मंजुरीची गरजच नाही. त्या निकालाचा हा आधार 2018 च्या दुरुस्तीने काढून घेतला. आता माजी लोकसेवकांसाठीही मंजुरी लागते. खटल्याचे म्हणाल तर तो 1984 मध्ये उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला आणि 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ते वर्ग करणेच चुकीचे ठरवले.

बिहारमध्ये याहून सोपा मार्ग वापरला गेला. जगन्नाथ मिश्र यांच्यावर पाटण्यातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झाले होते. 1980 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच सरकारने नेमलेल्या विशेष सरकारी वकिलाने खटला मागे घेण्याचा अर्ज केला. न्यायालयाची संमती लागते, ती मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पाच न्यायाधीशांच्या पीठाने 3 विरुद्ध 2 अशा निसटत्या बहुमताने ते मागे घेणे कायम ठेवले.

तामिळनाडूचे उदाहरण मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण तिथे अडथळा आणि उपाय दोन्ही दिसतात. जयललिता यांच्यावरील बेहिशोबी मालमत्तेचा खटला त्या सत्तेबाहेर असताना सुरू झाला होता. 2001 मध्ये त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर चेन्नईच्या न्यायालयात आधी साक्ष देऊन गेलेल्या 76 साक्षीदारांना फेरउलटतपासणीसाठी बोलावण्यात आले आणि त्यांपैकी 64 जणांनी आपली आधीची साक्ष फिरवली. सरकारी वकील शांत बसून राहिले. साक्षीदाराला फितूर घोषित करण्याची परवानगीही त्यांनी मागितली नाही. कायद्याचा एकही शब्द मोडला गेला नव्हता, वकील हजर होता, न्यायाधीश हजर होते, साक्षी रीतसर नोंदवल्या जात होत्या, आणि तरीही खटला आतून पोकळ होत होता. विरोधी पक्षाच्या के. अनबळगन यांच्या अर्जावर नोव्हेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला बंगळुरूला हलवला आणि विशेष सरकारी वकील कर्नाटक सरकारने, तेथील उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून नेमावा असे सांगितले. 27 सप्टेंबर 2014 रोजी विशेष न्यायाधीश जॉन मायकेल डी'कुन्हा यांनी चार वर्षांची शिक्षा आणि 100 कोटींचा दंड सुनावला, तेव्हा जयललिता मुख्यमंत्रिपदावर होत्या. नंतर अपिलात पुन्हा तोच वाद उद्भवला: तामिळनाडू सरकारने परस्पर वकील उभा केला, आणि ते अधिकाराबाहेरचे होते असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2015 मध्ये ठरवले. उच्च न्यायालयातली निर्दोष मुक्तता फेब्रुवारी 2017 मध्ये रद्द झाली, तोवर जयललिता यांचे निधन झाले होते. खटला हलवल्यापासून पहिला निकाल लागेपर्यंत जवळजवळ अकरा वर्षे गेली, ही या उपायाची किंमत.

आपल्या राज्यातले अलीकडचे उदाहरण मुख्यमंत्र्याचे नसले तरी गृहमंत्र्याचे आहे. 5 एप्रिल 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची प्राथमिक चौकशी सीबीआयने करावी असा आदेश दिला. आरोप खरे की खोटे यावर न्यायालय काही म्हणत नव्हते. पोलीस ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांच्याविरुद्धचा तपास त्याच पोलिसांकडे ठेवता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. देशमुख यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्या वेळी महाराष्ट्राने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती मागे घेतलेली होती, पण उच्च न्यायालयाच्या आदेशाला राज्याच्या संमतीची गरज नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले आहे.

145 आणि 192

न्यायालयात धाव घेतल्याशिवाय काहीच हलत नसेल, तर ती व्यवस्था म्हणता येणार नाही. म्हणून लोकपाल आणि लोकायुक्त आले. लोकपाल कायदा, 2013 च्या कलम 14 प्रमाणे पंतप्रधानांविरुद्धची तक्रार लोकपालाच्या पूर्ण पीठापुढे जाते आणि चौकशी सुरू करण्यास किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. परराष्ट्र संबंध, अंतर्गत व बाह्य सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय पूर्णपणे बाहेर आहेत. कामकाज बंद दाराआड चालते, आणि तक्रार फेटाळली गेली तर त्याची कागदपत्रे प्रसिद्ध होत नाहीत. अटी कडक आहेत, पण निर्णय घेणारे लोक निदान पंतप्रधानांच्या पक्षाचे आमदार-खासदार नाहीत.

महाराष्ट्राच्या नव्या लोकायुक्त विधेयकाने नेमकी हीच बाजू सोडली. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेने मंजूर केलेल्या त्या विधेयकात मुख्यमंत्रिपद लोकायुक्तांच्या कक्षेत आणले गेले, आणि त्याचे स्वागत व्हायला हवे. पण मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी लोकायुक्तांनी विधानसभेची संमती घ्यायची आणि त्या प्रस्तावाला एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश मते हवीत, अशी अट आहे. विधानसभेत 288 सदस्य आहेत. सरकार पाडायला भरलेल्या सभागृहात 145 मते पुरतात. चौकशी नुसती सुरू करायला 192 लागतात. याचा अर्थ असा, की ज्या मुख्यमंत्र्याला सभागृहाने बहुमताने घरी पाठवले असते, त्याच मुख्यमंत्र्याविरुद्ध तक्रारीची पाने उलटायलाही तेच सभागृह असमर्थ ठरू शकते. ज्या दिवशी 192 आमदार विरोधात जातील, त्या दिवशी तो मुख्यमंत्री मुख्यमंत्री राहिलेलाच नसेल. पहिली किल्ली दिलेली आहे, पण ज्या खोलीत ती ठेवली आहे तिची चावी पुन्हा सत्ताधारी पक्षाकडेच आहे.

राज्यपालांच्या मंजुरीलाही दुसरी बाजू आहे. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये आलेल्या कलम 17अ नुसार सरकारी निर्णयांशी संबंधित आरोपांचा तपास सुरू करायलाच पूर्वसंमती लागते. ऑगस्ट 2024 मध्ये कर्नाटकाचे राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी मैसूरच्या भूखंड वाटप प्रकरणात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याविरुद्ध ती दिली. राज्यपाल केंद्राने नेमलेले, मुख्यमंत्री विरोधी पक्षाचे. साहजिकच हेतूंवर शंका घेतली गेली. उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये संमती योग्य ठरवली. तपास लोकायुक्त पोलिसांनी केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला, तेव्हा शंका घेणारी बाजू बदलली. संमती देणाऱ्यावर एका पक्षाचा विश्वास नाही आणि तपास करणाऱ्यावर दुसऱ्याचा नाही, अशा स्थितीत निष्कर्ष खरा असला तरी तो कोणाला पटत नाही.

मग बदल कोणता

मला जी रचना योग्य वाटते ती फार क्रांतिकारक नाही, कारण तिचे बहुतेक भाग आपल्याच निकालांत आणि कायद्यांत विखुरलेले आहेत. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे ठरवण्याचे काम विधानसभेकडून काढून उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी नेमलेल्या दोन किंवा तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे द्यावे, आणि त्याला कालमर्यादा असावी. तपास प्रमुख आणि विशेष सरकारी वकील या दोघांचीही निवड त्याच पीठाच्या संमतीने, एकाच वेळी व्हावी. वकील दोषारोपपत्रानंतर येण्याऐवजी पहिल्या दिवसापासून तपासाबरोबर असला, तर जप्तीत आणि जबाबांत राहणाऱ्या त्रुटी नंतर उलटतपासणीत बाहेर येण्याऐवजी आधीच दिसतात. निवडलेल्या अधिकाऱ्यांची बदली, त्यांचे गोपनीय अहवाल आणि तपासाचा खर्च यांत गृहखात्याचा हात नसावा. मुदत ठरलेली असावी, पण ती वाढवायची की नाही हे पीठाने ठरवावे. कोरियाचा धडा एवढ्यापुरता पुरेसा आहे.

स्टार यांचा धडाही तितकाच गंभीरपणे घ्यायला हवा, आणि सुधारणावादी मंडळी इथेच घाई करतात. तपासाचा विषय लेखी आणि मर्यादित असावा. तपासात नवे काही सापडले, तर ते तपासायला पीठाची वेगळी परवानगी लागावी, आणि मूळ तक्रारीशी त्याचा संबंध काय हे अर्जात सांगावे लागावे. दीर्घकाळ चाललेला तपास हीच शिक्षा होऊ शकते. तिचा त्रास फक्त एका माणसाला होत नाही, प्रत्येक फाइलवर सही करताना कचरणाऱ्या सगळ्या मंत्रालयाला होतो. तपास प्रमुखाला काढण्याचा अधिकार राहायलाच हवा, फक्त तो पीठाकडे असावा आणि कारणे लेखी असावीत.

केंद्रात हे आणखी अवघड आहे. सीबीआय प्रशासकीयदृष्ट्या कार्मिक विभागाखाली येते आणि तो विभाग पंतप्रधानांकडे असतो. सीबीआय संचालकाला दोन वर्षांची हमी सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विनीत नारायण निकालाने मिळाली. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या निवड समितीची तरतूद लोकपाल कायद्याबरोबर आली. तरी ऑक्टोबर 2018 मध्ये संचालक आलोक वर्मा यांचे अधिकार मध्यरात्री काढून घेतले गेले, 8 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले आणि 10 जानेवारीला निवड समितीने त्यांची बदली केली.

ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेले 130 वे घटनादुरुस्ती विधेयक या पार्श्वभूमीवर वाचावे. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधानाने, मुख्यमंत्र्याने किंवा मंत्र्याने पद गमवावे, असे ते सांगते. मार्च 2024 मध्ये अरविंद केजरीवाल यांना मुख्यमंत्रिपदावर असताना अटक झाली आणि पुढे काही महिने ते तुरुंगातून पदावर राहिले, हे लक्षात घेतले तर असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. पण विधेयक अटकेनंतरच्या एकतिसाव्या दिवसाविषयी बोलते. पहिल्या दिवशी अटक कोणी करायची याविषयी ते गप्प आहे. कागदावर पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांना एकच माप लावलेले आहे. प्रत्यक्षात मुख्यमंत्र्याला अटक करू शकणाऱ्या केंद्रीय यंत्रणा पंतप्रधानांच्या सरकारखाली आहेत, आणि पंतप्रधानांना अटक करू शकेल अशी यंत्रणाही त्याच सरकारखाली आहे.

राहिली चौथी किल्ली, आणि तिच्यावाचून बाकीच्या तिघींचा फारसा उपयोग नाही. तपासातून काही निष्पन्न झाले नाही, तर आज लोकपाल कायदा आणि महाराष्ट्राचे विधेयक दोन्ही कागदपत्रे बंद ठेवायला सांगतात. यामागे बदनामी टाळण्याचा हेतू आहे, पण मुख्यमंत्र्याच्या तक्रारीची बातमी तोवर गावभर झालेली असते. बंद राहते ती फक्त त्याला निर्दोष ठरवणारी कारणमीमांसा. साक्षीदारांची नावे आणि सुरक्षेचे तपशील वगळून असा अहवाल ठरावीक दिवसांत पीठापुढे आणि तिथून सभागृहाच्या पटलावर यावा. त्यासाठी नवी संस्था उभारावी लागत नाही, घटना बदलावी लागत नाही. महाराष्ट्राच्या विधेयकातील गोपनीयतेचे ते एक पोटकलम आणि 192 चा तो आकडा, एवढे बदलायला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत साधे बहुमत पुरते.